खिळ्यावरचा मास्क

नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात कुणालाही विचारा, संघपाल रंगारीचं घर कुठलं, तर तो माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि आवाज खाली करून विचारेल, "कोण गेलं?" कारण या घरी चहाला कुणी येत नाही. तलावात, विहिरीत, खदानीत कुणी बुडालं की मगच संघपालची आठवण होते. एरवी तो अमरावती रोडवर मधुकररावांच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल चढवतो, उतरवतो. पोलीस ठाण्यातून फोन आला की हातातली पेटी तिथंच ठेवून निघतो. आजवर किती माणसं काढली असं मात्र त्याला विचारू नका. भडकतो. "मानसं का टमाटर आहेत का मोजायले?" म्हणतो.

त्याची पद्धत साधी. पोटाशी दगड धरायचा, छातीत हवा भरायची आणि उतरायचं. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक देवाजीकाकाच्या हातात. दोन झटके बसले की काकानं ओढायचं. हा देवाजी म्हातारा आयुष्यात कशाला भ्यालेला नाही, पण एक नियम त्यानं धरून ठेवलेला. गेलेल्याच्या घरचं कुणीतरी काठावर यायचं आणि त्याला घरच्या नावानं हाक मारायची. हाक झाल्याशिवाय दोर सोडायचा नाही. "बिन हाकेचं पानी मानूस देत नाही गा," असं तो म्हणायचा. संघपाल हसायचा. आपण बौद्ध माणसं, घरात भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, भूतखेत आपण मानत नाही. मानत नाही म्हणजे नाही! पण हाकेशिवाय तोही कधी उतरला नव्हता, हे त्याला कोण सांगणार?

नियम मोडला तो एकदाच, आणि तेव्हा उतरला होता त्याचा धाकटा भाऊ रजत, गोदामातला हमाल आणि पाण्यातला जोडीदार.

कळमेश्वरच्या बाजूला एक जुनी दगडाची खदान आहे, बंद पडून पाण्यानं भरलेली. तिथं एक परप्रांतातला ट्रक ड्रायव्हर बुडाला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, मग घरचं माणूस कुठून येणार? पोलीस घाई करत होते. देवाजी कुरकुरला. रजत म्हणाला, "काका, त्याची माय इथं नाही म्हून का त्याले तसाच ठेवू?" आणि दगड घेऊन गेला. बराच वेळ झटका आला नाही. देवाजीनं घाबरून दोर ओढला, तर दोर हलका आला. तुटलेला नव्हता. गाठ सुटलेली होती. रजतची गाठ अशी की ओढली तर आणखी आवळायची, आणि ती कुणीतरी निवांत बसून सोडावी तशी सुटली होती. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी वर आला. रजत आलाच नाही.

त्यानंतर संघपाल त्या खदानीत किती वेळा उतरला असेल! काठावरून स्वतःच हाक मारायचा आणि जायचा. खाली दगडाची एक रुंद पायरी लागते. तिच्यापलीकडं काळोख. त्या पायरीपर्यंत जाता जाता छाती फुटायला यायची आणि परतावं लागायचं.

आणि कौसल्याबाई, त्यांची माय, त्या खदानीकडं फिरकलीच नाही. "मी हाक मारली म्हंजे मीच त्याले मेला म्हनलं," एवढंच म्हणायची. गेलेल्यासाठी करतात ते पुण्यानुमोदन करू दिलं नाही. भिक्खू घरी आले तर त्यांना जेवू घालून पाठवलं, विषय काढू दिला नाही. संघपालनं रजतच्या फोटोसाठी भिंतीत खिळा ठोकला, तर तिनं फोटो मोठा करू दिला नाही. खिळा तसाच राहिला. शेजारणी समजूत घालायला आल्या की ही शांतपणे सांगायची, "त्याचा श्वास लंबा आहे वं. तुमाले नाही माहीत." बायका त्यानंतर फार वेळ बसायच्या नाहीत.

असं दोनेक वर्षं चाललं होतं. मग फेब्रुवारीत बातमी आली की खदान बुजवणार. वीजकेंद्राच्या राखेचे, म्हणजे राखडीचे, हायवा ट्रक यायला लागले, रस्त्यावर करडा धुरळा उडायला लागला. पावसाळ्याच्या आत खदान सपाट होणार म्हणे. संघपालला त्या रात्री जेवण गेलं नाही. भाऊ पाण्यात आहे हे त्यानं कसंबसं सोसलं होतं. भाऊ राखडीखाली गेला, वरून रोलर फिरला, तर माय काय करेल आणि आपण काय करू? पावसाच्या आत रजतला बाहेर काढायचं, आणि ते एका छातीभर हवेत होणार नव्हतं.

म्हणून तो हिमानी मॅडमकडं गेला. ही नागपूरचीच पोरगी, समुद्रावर डायविंग शिकून आलेली, एका पोहण्याच्या टाक्यात स्कुबाचा, म्हणजे हवेचं सिलिंडर लावून उतरायचा, कोर्स घ्यायची. एकदा तलावावर तिनं संघपालला उतरताना पाहिलं होतं आणि तेव्हाच म्हणाली होती, "संघपालभाऊ, असे एक दिवस तुम्हीच खाली राहाल. शिकून घ्या." तेव्हा त्यानं हसून उडवलं होतं. आता स्वतः दारात उभा राहिला आणि रजतचं सगळं सांगितलं. तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोर्स नीट पूर्ण केलात तरच मी सोबत येईन. अर्धवट शिकून त्या पाण्यात नाही. सिलिंडर, हवा घ्यायला तोंडात धरायचा रेग्युलेटर, हवेचं जाकीट माझ्याकडं आहे. मास्क आणि फिन्स तेवढे स्वतःचे बघा. मास्क दुसऱ्याचा चालत नाही, ज्याचा त्याचा चेहरा असतो."

आता नागपुरात मास्क कुठून आणणार? समुद्र इथून कुठं, विचारू नका. सीताबर्डीच्या दुकानदारानं आधी पोहण्याचे चष्मे दाखवले. संघपाल म्हणाला, "नाक आत पायजे." दुकानदारानं धुळीचे मास्क काढले. "अबे भाऊ, डोळे बी पायजेत!" शेवटी दुकानदार म्हणाला, "डोळे बी झाकायचे, नाक बी झाकायचं, मग घरीच झोपा ना भाऊ." संघपाल हात हलवत परत आला.

मग मधुकररावांनाच आठवलं. गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात एक पेटी पडून होती. कोकणातून कुणीतरी पाठवलेली, घेणाऱ्याचा फोन बंद, पत्ता लागेना. वरच्या चिठ्ठीवर डायविंगचं सामान असं लिहिलं होतं. "घेऊन जा गा, कोनी विचारत नाही तिले," मधुकरराव म्हणाले. पेटी उघडली आणि आतून पाण्याचा वास आला. समुद्राचा नव्हे. संघपालला तो वास चांगला ओळखीचा होता, दगडावर साचलेल्या जुन्या पाण्याचा. पेटी इतके दिवस कोंदट जागेत पडली होती, वास येणारच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मास्क कसा निवडायचा ते हिमानीनं शिकवलं होतं. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हवा आत ओढायची आणि हात काढून घ्यायचा. पडला तर तो आपला नव्हे. एक मास्क पडला. दुसरा पडला. तिसऱ्यात मिशीतून हवा गेली. मग तळातला काळ्या रबराचा मास्क त्यानं लावला, आणि तो चपकन बसला. संघपालला बरं वाटलं. त्यानं श्वास सोडला, वाटलं की आता मास्क निघून हातात येईल. मास्क निघाला नाही. त्यानं मान खाली केली, डोकं हलवलं, तरी तो तसाच चेहऱ्याला धरून राहिला. शेवटी कडेला बोट घालून सोडवावा लागला. मागचा पट्टा तर त्याला हलवावाही लागला नाही, आधीच बरोबर मापाचा होता. एका हेल्मेटमध्ये त्याचं आणि रजतचं डोकं बसायचं, दोघं मिळून एकच हेल्मेट वापरायचे, ते त्याला तिथं गोदामात उभ्या उभ्या आठवलं आणि अंगावर काटा आला. मास्क मात्र त्यानं घेतला. दुसरा होता कुठं?

पेटीतच निघालेल्या फिन्सचं त्याला जमेना. अनवाणी पायाचा माणूस तो, पायात वल्ही बांधल्यासारखं वाटायचं. कमरेला शिशाचा पट्टा बांधायचा म्हटल्यावर म्हणाला, "हे बराबर आहे. माह्या दगडाचा भाऊ." हिमानी हसली. तयारीचे ते दिवस तसे बरे गेले. नव्या काचेवर एक पातळ थर असतो, त्यानं काच धूसर होते, म्हणून तिनं टूथपेस्टनं घासायला सांगितलं. त्यानं अंगणात बसून घासून घासून काच लख्ख केली आणि घरात लटकवायला दुसरी जागा नव्हती म्हणून भिंतीवरच्या त्या रिकाम्या खिळ्याला मास्क अडकवला.

सकाळी उठून बघतो तर काच आतून पांढरी. वाफ धरलेली. खालच्या कडेला बारीक थेंब.

आता मार्चातलं नागपूर तुम्हाला माहीत आहे. अंगणात टाकलेला टॉवेल चहा होईस्तोवर कडक होतो, ओठ फुटतात, माठातलं पाणी आटतं. तिथं खिळ्यावरच्या काचेला वाफ कुठून येणार? संघपालनं मास्क पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानं पुन्हा पेस्ट घासली. पुन्हा तेच. मग एका सकाळी जागा झाला तर कौसल्याबाई भिंतीपुढं उभी. मास्ककडं बघत होती. काचेवरची वाफ जरा विरायची, मग पुन्हा धरायची. विरायची, पुन्हा धरायची. संघपाल उठून पुसायला गेला तर तिनं त्याचा हात धरला.

"राहू दे गा. श्वास घेऊन राहिला तो."

"माय, पेस्ट चांगली नसन..."

"मले शिकवू नको."

त्या दिवसापासून ती त्या भिंतीखालीच बसायला लागली. भाजी तिथंच निवडायची. कधी कधी हळूच बोलायचीही, आज उन्हं फार झाली, आज संघपालले उशीर झाला, असं काहीबाही. संघपालला घरात शिरायची भीती वाटायला लागली. प्रेतं खांद्यावरून आणलेला माणूस हा! स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर चपला काढायला घुटमळायचा.

हिमानीला त्यानं विचारलं. ती म्हणाली, "घातल्यावर होतो धूसर. खिळ्यावर कसा होईल?" आणि विषय तिथंच राहिला, कारण तिला दुसरीच काळजी होती.

संघपाल श्वास घेत नव्हता. तोंडात रेग्युलेटर, पाठीवर सिलिंडर, हवेला तोटा नाही, आणि हा पाण्याखाली गेला की छाती बंद करून बसायचा. जन्मभराची सवय. लहानपणापासून या पाण्यानं त्याला एकच शिकवलं होतं, रोखून धर. जो रोखतो तो परत येतो. आणि इथं हिमानी पहिल्या दिवसापासून एकच घोकत होती, रोखू नका. "संघपालभाऊ, खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. तुम्ही ती छातीत कोंडून वर आलात तर छाती आतून फाटेल. तुमची जी खुबी आहे ना, तीच तुम्हाला मारेल. श्वास चालू ठेवा, बास." तो मान हलवायचा, "हाव मॅडम" म्हणायचा, आणि खाली गेला की पुन्हा बंद. त्याला कळायचंही नाही. हिमानीनं तोंडावर सांगून टाकलं, हे सुटलं नाही तर खदान विसरा. राखडीच्या गाड्या तर रोज येत होत्या.

मग एका सकाळी टाक्यातून वर आल्यावर हिमानी थेट त्याच्या सिलिंडरकडं वळली. कडेला बसून त्याचा रेग्युलेटर उलटापालटा करून बघत होती, पाण्यात बुडवून बघत होती.

"काय झालं मॅडम?"

"आज श्वास घेत होतात का तुम्ही?"

संघपाल ओशाळला. खोटं बोलणं त्याला जमत नाही. "नाही वाटते. पुन्हा रोखला."

"मला पण तेच वाटलं. तुमच्यासमोरच होते मी, छाती हलत नव्हती. घाबरून तुम्हाला धरणार होते." तिनं रेग्युलेटर पुन्हा पाण्यात धरला. "पण बुडबुडे येत होते. एका लयीत. तुमच्या खांद्यामागून."

"गळत असन."

"नाही गळत. तेच तर बघून राहिले मी."

आता या पोरीनं हे बोलणं तिथंच ठेवायचं की नाही? पण तिला धास्ती वाटली, संध्याकाळी ती सिलिंडरची जोडणी पुन्हा विचारायला वाडीला घरी आली आणि कौसल्याबाईसमोरच बोलून गेली. संघपाल डोळ्यांनी खुणावत राहिला, उपयोग झाला नाही. म्हातारीनं सगळं ऐकलं. निवडायची मेथी परातीत ठेवली. वर खिळ्याकडं बघितलं. काच धूसर होती.

"म्हंजे याच्या वाटचा श्वास तो घेऊन राहिला," ती म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम उतरला, आणि इतक्या दिवसांत जे झालं नव्हतं ते झालं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मीच त्याले थांबवून ठेवलं गा. लंबा श्वास, लंबा श्वास म्हनत राहिली. किती दिवस घेईन तो? थकला असन माहं लेकरू." पदर तोंडाला लावून ती रडली. हिमानीही रडली. संघपाल बाहेर जाऊन उभा राहिला.

"तू शिक नीट," रात्री जेवताना माय त्याला म्हणाली. "त्याच्या भरोशावर नको राहू. तुहा तू घे श्वास. मी येतो हाक मारायले."

शिकला. कसा शिकला ते त्यालाच ठाऊक. गोदामात पोतं उचलताना, सायकलवर, झोपायला आडवा झाला की, सारखा फुंकर मारत राहायचा. गोदामातली पोरं म्हणायची, संघपालभाऊ इंजिन झाला. हिमानी शेवटी हो म्हणाली. ठाण्यातून परवानगी मिळाली, तिचा एक जोडीदार पाणबुड्या मदतीला आला, आणि पावसाला थोडेच दिवस राहिले असताना सगळे खदानीवर पोचले. एका बाजूनं राखडीचा उतार पाण्यात घुसला होता, पाण्यावर करडी साय धरली होती. त्या दिवसापुरत्या गाड्या थांबवल्या होत्या. वाऱ्याचं नाव नव्हतं. संघपालनं काळा मास्क लावला, आणि तो पुन्हा चपकन बसला.

देवाजीनं या वेळी दुप्पट लांबीचा दोर हातात घेतला आणि कौसल्याबाईकडं बघितलं. ती पुढं आली. चपला काढल्या. पाण्याच्या कडेला उभी राहिली.

"बंटी," मग ती म्हणाली. घरचं नाव. "बंटी, ये गा बापू. चाल घरी."

मोठ्यानं मारलेली हाक नव्हती ती, संध्याकाळी खेळणाऱ्या पोराला बोलवावं तशी होती. पण खदानीच्या चारी भिंतींनी ती उचलली आणि बराच वेळ सोडली नाही. देवाजीनं दोर सोडायला घेतला.

खाली बॅटरीच्या उजेडात हातभरापलीकडचं दिसत नव्हतं. संघपाल श्वास मोजूनमापून सोडत होता. पायरी आली. जिथून तो दरवेळी परतला होता ती पायरी. या वेळी तो तिच्याखाली उतरला. दगडाच्या पोटात खोबण होती आणि तिथं खदानीच्या काळातली लोखंडी ट्रॉली आडवी पडलेली. तिच्या चाकात एका परक्या माणसाच्या शर्टाची फाटकी बाही अडकून होती. कुणीतरी ती फाडून माणूस सोडवला होता. संघपालला सगळं लख्ख समजलं. देवाजीचा दोर पायरीशी संपत होता आणि ड्रायव्हर त्याच्या जरा खाली अडकला होता. म्हणून रजतनं गाठ सोडली. दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच. ड्रायव्हर आपोआप तरंगला नव्हता, त्याला वर पाठवलेलं होतं. आणि मग ट्रॉली कलली असणार.

ट्रॉलीखाली गोदामातला कमरपट्टा होता, हमालांचा, पितळी बकलाचा. पट्ट्यात जे उरलं होतं ते त्यानं हातांनी वेचून जाळीच्या पिशवीत ठेवलं. हिमानीनं वर जायची खूण केली.

आणि तिथं त्याची छाती बंद झाली. रडू आलं आणि जन्माची सवय उसळून आली. भावाला पोटाशी धरून तो वर निघाला, तोंड घट्ट, छाती घट्ट. हिमानी समोरून हात हलवत होती, ते त्याला दिसत होतं आणि कळत नव्हतं. छातीत काहीतरी ताणत चाललं. तेवढ्यात खांद्यामागून आवाज आला. कुणीतरी श्वास आत घेतला, लांब. सोडला. पुन्हा घेतला. उन्हाळ्यात गच्चीवर शेजारी शेजारी झोपताना वर्षानुवर्षं ऐकलेला तो श्वास संघपालला ओळखू आला नसता तरच नवल. त्यानं वळून बघितलं नाही. त्या लयीत त्यानं आपला श्वास सोडला. बुडबुडे भसाभस वर गेले. पुन्हा त्याच्याबरोबर घेतला, त्याच्याबरोबर सोडला, असं करत करत पाणी हिरवं झालं, मग पिवळं झालं, मग डोकं उन्हात आलं. वर आल्यावर त्यानं कान दिला, तर त्याच्या एकट्याच्याच श्वासाचा आवाज होता.

कौसल्याबाईनं पिशवी मांडीवर घेतली. कुणी तिला अडवलं नाही.

पोलिसांचं, दवाखान्याचं जे असतं ते झालं. त्या संध्याकाळी संघपालनं मास्क गोड्या पाण्यानं धुतला, पुसला आणि सवयीनं खिळ्याला अडकवला. सकाळी त्याला जाग आली तेव्हा माय आधीच उठून भिंतीपुढं बसली होती. उजेड आला होता. मास्कची काच कोरडी होती, आरपार भिंत दिसत होती. माय वाट बघत होती. चहा झाला, गार झाला, ऊन उंबरठ्यावर आलं, तरी काचेवर काही धरलं नाही.

मग तिनं उठून मास्क काढला, पदरानं पुसायचं काही नव्हतं तरी पुसला आणि संघपालच्या हातात दिला.

"फोटो मोठा करून आन गा," ती म्हणाली. "खिळा रिकामा झाला."